दोन मिनिटं म्हणायचं नाही

वहिनी माझ्या औषधाच्या दुकानात आल्या, खोकल्याची बाटली मागितली आणि ती पिशवीत टाकून झाली तरी काउंटरपाशी उभ्याच राहिल्या. मागे दोन गिऱ्हाइकं होती. ती गेल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊजी, यांना कुठेतरी घेऊन जा ना. चार दिवस. कुठेही."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही. तेच तर दुखणं आहे. घरात काही होत नाही, म्हणून हे काहीतरी करत सुटतात."

'हे' म्हणजे आमचा भिंगरी. शाळेत बाकावर एक तास सलग बसला नाही म्हणून पायाला भिंगरी लागलेला, तेव्हापासून तेच नाव. पुढे एकतीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. अर्ध्या शहरातल्या दीडशेएक लिफ्ट त्याच्या अंगावर होत्या. जेवताना फोन, आंघोळीत फोन, माझ्या लग्नात अक्षता हातात असताना फोन. फोन वाजला की हा निघाला. आठ महिन्यांपूर्वी तो निवृत्त झाला आणि फोन वाजायचा थांबला. पण पाय काही थांबले नाहीत.

घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या त्याने बदलल्या. आता दारं इतकी गुपचूप लागायची, की कोण आलं न् कोण गेलं ते कळेना. स्वयंपाकघरातल्या फळ्या चार बोटं वर सरकवल्या. वहिनींचा हात पंचवीस वर्षांच्या सवयीने जायचा तिथे आता नुसती भिंत. इस्त्री उघडली, मिक्सर उघडला, चांगली चालणारी दारावरची घंटा तीनदा बदलली. उघडण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तो वहिनींच्या मागे उभा राहून "गॅस जरा बारीक कर" म्हणायला लागला.

"परवा मी खुर्चीत बसले होते, नुसती," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणतात, ऊठ जरा, खुर्चीचा पाय बघतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की हसू, ते मला नीट दिसलं नाही. बहुधा दोन्ही.

मी मास्तरकडे गेलो. मास्तर आमच्यातला तिसरा. सबंध आयुष्य भूगोल शिकवला, फळ्यावर खडूने शेकडो नद्या काढल्या, पण स्वतः कधी गुडघाभर पाण्यात उतरला नाही. देह भारदस्त आणि एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी विषय काढायचा अवकाश, त्याने कपाटातून नकाशा काढला. आपल्याच नदीवर वरच्या अंगाला भाड्याने बोटी मिळतात म्हणे. आत तीन माणसांना झोपायला जागा, छोटं स्वयंपाकघर, आणि मुख्य म्हणजे चालवायला माणूस लागत नाही, आपली आपण चालवायची.

"वेग किती?" भिंगरीने विचारलं.

"माणूस चालतो तेवढा," मास्तर अभिमानाने म्हणाला.

"मग चालतच का नाही जायचं?"

तरी तो आला. वहिनींनी त्याची बॅग भरून दिली आणि तीनदा तपासली. टॉवेलच्या घडीतून पक्कड निघाली, बुटातून दोन पाने निघाले. मोज्यातला स्क्रू-ड्रायव्हर मात्र त्यांच्या हाताला लागला नाही.

बोट होती जुनी, पांढरी, पोटात जाड. भाड्याने देणाऱ्याने अर्धा तास समजावून सांगितलं आणि आम्हाला नदीत ढकलून दिलं. पहिल्या तासात मास्तर नकाशा घेऊन पुढे उभा राहिला आणि म्हणाला, "आता नदी डावीकडे वळेल." नदी उजवीकडे वळली. मास्तरने नकाशाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "चुकली." त्याच्या मते नदी चुकली होती. आम्ही मात्र काठावरच्या झुडपात घुसलो. बाहेर निघेपर्यंत माझी टोपी फांदीला आणि मास्तरचा चष्मा पाण्यात गेला होता. सुदैवाने दुसरा होता, पण तो वाचायचा. त्यामुळे त्याला नकाशा स्वच्छ दिसायचा, नदी दिसायची नाही.

भिंगरीचं वेगळंच चाललं होतं. त्याने बोटीतला एक-एक स्क्रू आवळला. मग खोलीचं सरकतं दार खडखडतं म्हणून ते काढून पुन्हा असं घट्ट बसवलं, की लागताना आवाजच येईना. "लिफ्टचं दार असं लागायला पाहिजे," म्हणाला. मग तो टपावर चढला. मग उतरला. मग इकडच्या टोकाकडून तिकडच्या टोकाकडे. बोट लहान, तो जिकडे जाईल तिकडे ती कलायची. चहाचा कप हातात धरून मीही त्याच्याबरोबर डावीउजवीकडे झुकत राहायचो.

आणि दर अर्ध्या तासाने घरी फोन.

"गॅस बंद केलास?"

"केला."

"मागचं दार?"

"लावलंय."

"टाकीचं पाणी?"

"अहो, तुम्ही नदी बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून वहिनींनी फोन उचलणंच बंद केलं. भिंगरीने तो चौदा वेळा लावला. पहिल्या पाच वेळा तो चिडला होता. नंतर त्याचा चेहरा उतरत गेला. शेजारी कोणी उचलेना, बहिणीचा नंबर लागेना. "मला उतरवा. मी बसने जातो."

"बस कुठेय इथे?" मास्तर म्हणाला. "दोन्ही काठांना गाई आहेत."

मी म्हणालो, "झोपल्या असतील."

"चार तास?"

त्यांनी नेलेलं ते खोकल्याचं औषध मला उगाचच आठवायला लागलं. ताप होता का, विचारायचं राहिलं होतं.

अशा अवस्थेत आम्ही हौदापाशी पोचलो. त्याचं खरं नाव मास्तरने सांगितलं होतं, पण आम्ही हौदच म्हणायचो. नदी तिथे एकदम दोन माणसांच्या उंचीएवढी खाली उतरते. बोटी उतरवायला बाजूला दगडी हौद बांधलाय, त्याला दोन्ही टोकांना लाकडी दरवाजे. बोट भरलेल्या हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, खालच्या झडपेतून पाणी सोडायचं. पाणी उतरतं तशी बोट उतरते, मग पुढचा दरवाजा उघडून बाहेर.

तिथली दरवाजेवाली बाई पन्नाशीची, पायात गमबूट, आवाज खणखणीत. तिने आम्हाला आत घेतलं आणि पुढचा दोर भिंगरीकडे, मागचा माझ्याकडे दिला. दोन्ही दोर वर काठावरच्या लोखंडी खुंटांना वेढा घालून आमच्या हातात. "बांधायचे नाहीत," तिने बजावलं. "हातात धरा. पाणी उतरेल तसे सोडत जा. वीस मिनिटं लागतात. वीस म्हणजे वीस."

मास्तर आत चहा करायला गेला आणि वाऱ्याने गॅस विझायला लागला म्हणून त्याने, कधी नव्हे ते, दार ओढून घेतलं. बाईने चाक फिरवलं. खाली कुठेतरी पाणी गुरगुरायला लागलं आणि ओल्या दगडांची भिंत आमच्या बाजूने वर चढायला लागली.

भिंगरी पाच मिनिटं उभा राहिला. फार तर सहा. एका हातात दोर, दुसऱ्या हातात फोन. मग मी पाहिलं, त्याने दोर बोटीच्या कडीला दोन गाठी मारून पक्का केला, भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून वर चढला आणि फोन आभाळाकडे धरून काठाने चालायला लागला. रेंज शोधत.

मी ओरडायला हवं होतं. मला वाटलं, एवढी वर्षं दोरांवर लोक लटकवले त्याने, त्याला कळत असेल.

आधी बोटीचं नाक थांबलं. मागचा भाग उतरत राहिला. आतून कपबश्यांचा आवाज आला, मग पातेल्यांचा, मग मास्तरचा. बोट मागे झुकत चालली होती आणि पुढचा दोर तारेसारखा ताणला जाऊन किर्र करत होता. मी कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. माझ्या टाचा पाण्यात होत्या.

"पाणी बंद!" वरून भिंगरीचा आवाज आला. "बाई, बंद करा!"

बाईने झडप पाडली. गुरगुर थांबली. आम्ही तसेच लटकलेले, नाक वर, शेपूट खाली. खोलीच्या दाराला आतून मास्तर धडका देत होता. दार हलत नव्हतं.

"दोर कापा!" मी ओरडलो.

"कापाल तर नाक आपटेल," बाई वरून म्हणाली. "आणि आत माणूस आहे. थांबा, वरचं पाणी सोडते. हौद भरला की बोट आपोआप उचलली जाईल." ती वरच्या झडपेच्या चाकाकडे धावली. खडखड असा आवाज आला, मग कडकड करत सगळं परत खाली. पुन्हा तेच. "चाकाचा दात धरत नाही!" ती म्हणाली. "दात अडवणारा खटका तुटलाय. महिनाभर कळवतेय मी त्यांना!"

भिंगरी पायऱ्या उतरून खाली आला. इतक्या वर्षांत मी त्याला कधी सावकाश चालताना पाहिलं नव्हतं. तो त्या तिरप्या बोटीवर एक पाय ठेवून थांबला, मग दुसरा ठेवला. फोन कुठे गेला होता कोण जाणे. तो दारापाशी आला, चौकटीवरून हात फिरवला आणि दाराला जवळजवळ गाल लावून बोलला. तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बारीक नाही, मोठा नाही. घाई तर अजिबात नाही.

"मास्तर, मी आलोय. दाराच्या या बाजूला आहे, तुझ्यापासून हातभर."

"उघड! आधी उघड!"

"आत्ता उघडणार नाही. का ते सांगतो. बोट वाकडी झालीय, त्यामुळे चौकट आवळलीय. बोट सरळ झाली की दार सुटेल. ती सरळ करायला मला वर जावं लागेल."

"किती वेळ?" मास्तरचा आवाज ओळखू येत नव्हता. श्वास लागला होता त्याला. वर्षानुवर्षं हा माणूस वर्गाचं दार उघडं ठेवून शिकवायचा. आम्हाला वाटायचं, वाऱ्यासाठी.

"दोन मिनिटं!" मी ओरडलो.

भिंगरीने वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मी कठड्यावरचा हात सोडता सोडता राहिलो. मग पुन्हा दाराकडे तोंड करून म्हणाला, "त्याचं ऐकू नको. किती वेळ ते मला अजून माहीत नाही. वर जाऊन बघतो आणि तुला कळवतो. पाठ कशाला टेकलीय तुझी?"

"फळीला."

"पाय?"

"कपाटाला."

"लागलंय कुठे?"

"नाही. साखर सांडलीय."

"सांडू दे. खिडकी दिसते? काय दिसतं तिच्यातून?"

"भिंत. शेवाळ."

"शेवाळावर एक खूण पकड. एखादा डाग. ती खूण वर सरकतेय की खाली, ते तू मला सांगायचं. आत्ता ती स्थिर आहे. खाली सरकायला लागली म्हणजे बोट वर येतेय. मला वरून ते दिसणार नाही, तुलाच दिसेल. हे काम तुझं. कळलं?"

आतून फळीवर पाठ सरकवल्याचा आवाज आला. मग, "कळलं."

जाता जाता तो मला हलक्या आवाजात म्हणाला, "त्याच्याशी बोलत राहा. काहीही बोल, पण गप्प बसू नको. आणि दोन मिनिटं म्हणायचं नाही. कधीच नाही. तिसरं मिनिट लागलं की आतला माणूस खचतो."

तो वर गेला. वरून ओरडला, "मास्तर, आता हातोडीचा आवाज येईल. तो माझा आहे." आणि खरंच ठोकण्याचा आवाज आला. मी मास्तरशी बोलत राहिलो. काय बोललो? आमच्या दुकानातल्या फळ्यांवरच्या औषधांची नावं डावीकडून उजवीकडे सांगितली. पोटदुखीपर्यंत आल्यावर आतून मास्तर म्हणाला, "त्यातलं काहीतरी दे."

मोज्यातला तो स्क्रू-ड्रायव्हर भिंगरीने बाईच्या हातोडीने खटक्याच्या तुटलेल्या खिळीच्या जागी ठोकून बसवला होता. नंतर बाईने मला दाखवलं. तरी खटका निम्माच धरायचा. म्हणून बाई चाक फिरवायची आणि भिंगरी दर दाताला खटका हाताने दाबून धरायचा. एक दात, थांबायचं. दुसरा दात, थांबायचं. पाणी एकदम आलं असतं तर आमची शेपूट बुडाली असती. त्या माणसाने, जो खुर्चीत पाच मिनिटं टिकत नाही, तिथे वाकून एका-एका दातावर थांबत अर्धा तास काढला. दर थोड्या वेळाने त्याचा आवाज यायचा. "मास्तर, तीन दात झाले." "मास्तर, आता थोडं थांबतोय, हात बदलतोय." काही चांगली बातमी नसली तरी यायचा.

आणि मग आतून एकदम, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज आला, "खाली सरकतंय! शेवाळ खाली सरकतंय!"

"शाबास," वरून उत्तर आलं. "सांगत राहा."

दोर सैल पडला. बोट सरळ झाली. मी हात लावला आणि ते दार इतकं गुळगुळीत सरकलं, की मी आतच पडलो, मास्तरच्या अंगावर. तो नखशिखांत साखर आणि चहा-पावडरीने माखलेला होता. त्याला धरून बाहेर काढलं, काठावर नेऊन गवतात बसवलं. बाईने पाणी दिलं.

भिंगरी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "मास्तर, दोर मी बांधला होता."

"माहीत आहे," मास्तर म्हणाला.

"मरता मरता वाचलास तू. माझ्यामुळे. सहा मिनिटं धरवला नाही मला."

मास्तरने मिशीवरची साखर पुसली. "बस खाली. मान वर करून भांडता येत नाही मला."

तो बसला. मला हसू येत होतं. मास्तरच्या मनात काय चाललं होतं, देव जाणे. पण त्याने हात पुढे करून भिंगरीच्या खांद्यावर ठेवला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

फोन गवतात सापडला, आणि सापडला तेव्हा वाजत होता. वहिनी. भिंगरी उठून थोडा लांब गेला. बोलला कमी, ऐकत जास्त राहिला. परत आला तेव्हा चेहऱ्यावर सुटकाही होती आणि काहीतरी लागल्यासारखंही.

"बरी आहे. फोन तिने कपाटात ठेवून दिला होता. मुद्दाम." तो गवताची काडी मोडत म्हणाला. "म्हणाली, घरात चार दिवस मला माझा स्वतःचा आवाज ऐकायचा होता." थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाला, "गोळीवाल्या, मी तिला इतका त्रास देतो?"

मी खोटं बोलणार होतो. पण तासाभरापूर्वीचा धडा ताजा होता. "देतोस," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पुढच्या दोन दिवसांत त्याने घरी एकही फोन केला नाही. ते सोपं गेलं असं नाही. हात खिशाकडे जायचा, परत यायचा. बोट तिथेच बांधून आम्ही राहिलो, कारण मास्तरने पुन्हा खोलीत पाऊल टाकायला साफ नकार दिला. तो बाईच्या ओसरीवर झोपला. भिंगरीने बाईच्या अडगळीतून एक जुना बोल्ट शोधला, तासला आणि खटका नीट बसवला. बोट परत न्यायला मालकाला बोलवावं लागलं. मग तो आम्हाला काय काय म्हणाला, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी आल्यावर मी भिंगरीच्या जुन्या साहेबांना जाऊन भेटलो. त्यांना हौदाची गोष्ट सांगितली, दाराशी बोलण्याची. नव्या मेकॅनिकना मोटर, केबल सगळं शिकवतात. आत अडकलेल्या माणसाशी काय बोलायचं, ते कोणी शिकवत नाही. साहेबांना पटलं. तू शिकवशील का, असं भिंगरीला विचारलं तेव्हा तो वैतागला. "त्यात शिकवण्यासारखं काय आहे? माणूस आत आहे, तर बोलायचं." पण गेला. आता आठवड्यातून तीन दिवस जातो. सुरुवातीला निम्म्या मेकॅनिकना बंद लिफ्टमध्ये दिवे घालवून कोंडायचा आणि बाकीच्यांना बाहेरून बोलायला लावायचा. पहिल्याच आठवड्यात दोघांनी तक्रार केली. साहेबांनी त्याला समज दिली. पुढच्या आठवड्यात तो स्वतः आत जाऊन बसला आणि त्यांना म्हणाला, आता माझ्याशी बोला. वाईट बोललात तर दार उघडलं तरी बाहेर येणार नाही. एकदा खरंच आला नाही, जेवणाची सुट्टी होईपर्यंत.

म्हणून तो शांत झाला, असं कोणी समजू नये. माझ्या दुकानात आला की अजून फळीवरच्या बाटल्या सरळ करतो. मास्तरकडे गेला की पंखा उतरवू का म्हणून विचारतो. फक्त आता विचारतो, आणि नाही म्हटलं की खिशात हात घालून उभा राहतो. उभं राहणं त्याला जड जातं, ते दिसतं.

गेल्या आठवड्यात वहिनी दुकानात आल्या होत्या, मलम न्यायला. मी विचारलं, कसं काय चाललंय?

"चाललंय," त्या म्हणाल्या. "रविवारी हे माझ्याशेजारी सबंध अर्धा तास बसून होते. काही न करता. मी घाबरले, भाऊजी. कपाळाला हात लावून पाहिला."